मोटारीच्या दुकानातला कडता

या पानासाठी मोटारखरेदीविषयी लिहीत आहे असे मी दोन जुन्या सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा दोघेही हसले. एकाने विचारले, कापसाला भाव नाही, एस. टी. वेळेवर येत नाही, अशा दिवसांत तुम्हांला मोटार सुचते कशी? दुसरा अधिक स्नेहाने म्हणाला, गाडी घेतली असेल तर पेढे द्या, लेख कशाला? हा आक्षेप मी मनावर घेतला, कारण तो अगदीच निराधार नाही. मोटार ही मूठभरांची चैन आहे आणि तिच्या किमतीचा वाद हा मूठभरांचा आपसांतला वाद आहे, ही आपल्या चळवळीतील समजूत फार जुनी आहे आणि एके काळी ती खरीही होती. अँबॅसॅडर आणि फियाटच्या काळात अमरावतीच्या राजकमल चौकात तासभर उभे राहिले तरी खासगी मोटारी बोटांवर मोजता येत. आज तीच समजूत कवटाळून बसलो, तर आपल्याच माणसांच्या खिशाला लागलेली कात्री आपल्याला दिसणार नाही.

प्रथम हकीकत सांगतो. २०२५ च्या दिवाळीच्या मागेपुढे आमच्या कुटुंबात दोन मोटारी आल्या. एक मी अमरावतीत घेतली, दुसरी माझ्या पुतण्याने अकोल्यात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या आणि एकाच श्रेणीच्या; चार मीटरच्या आत बसणाऱ्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, ज्यांना हल्ली छोटी एसयूव्ही म्हणतात तशा. रंग तेवढा निराळा. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. मी गाडी घेतली ती गुडघे साथ देईनात म्हणून. तीत चैनीचा अंश आहे, हे मी नाकारीत नाही. पुतण्याची गोष्ट वेगळी आहे. आमचे मूळ गाव पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले. तिथले पाणी आणि तिथले मूत्रपिंडाचे विकार यांविषयी अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील वाचकांना नव्याने सांगायला नको. माझ्या वहिनीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला न्यावे लागते. काळ्या मातीच्या त्या वाटेवर पावसाळ्यात जमिनीपासून उंच असलेली गाडीच निभावते, आणि दर खेपेला भाड्याची गाडी करणे सहा महिन्यांत त्याच्या आवाक्याबाहेर गेले. म्हणून वहिनीच्या नावचा दोन एकरांचा तुकडा विकून त्याने आगाऊ रक्कम भरली आणि उरलेल्या रकमेचे कर्ज काढले. ज्या अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदविला गेला, त्याच प्रदेशात आजारी बाईला दवाखान्यात पोहोचविण्यासाठी शेत विकून गाडी घ्यावी लागते, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो तूर्त बाजूला ठेवतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी आपापली बिले एका टेबलावर मांडली. गाडीची मूळ किंमत दोन्हींत सारखीच होती, ९ लाख २० हजार. राज्य सरकारचा वाहन कर किमतीच्या अकरा टक्के, म्हणजे सुमारे १ लाख १ हजार, तोही सारखाच. पुतण्याच्या बिलात यापुढे विम्याचे ४८ हजार, ‘हाताळणी’चे साडेआठ हजार, ‘अत्यावश्यक साहित्य संचा’चे २४ हजार, वाढीव हमीचे १९ हजार, रंगावरच्या लेपाचे ९ हजार आणि फास्टॅगसह किरकोळ हजारभर रुपये होते. एकूण ११ लाख ३० हजार ५००. मला अमरावतीत प्रथम दिलेला अंदाजही नेमका एवढाच होता. मी प्रत्यक्षात दिले १० लाख ६५ हजार. हाताळणीची रक्कम काढली गेली, लेप काढला गेला, साहित्य संचातून पायपुसणी आणि चिखलरोधक तेवढे पाच हजारांत ठेवले, विमा बाहेरून ३४ हजारांत घेतला, आणि वर १५ हजारांची सूट मिळाली. फरक ६५ हजार ५०० रुपयांचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे हा फरक आठ क्विंटल कापसाचा झाला. पुतण्याने पहिल्या वेचणीचा माल खासगी व्यापाऱ्याला सात हजारांनी दिला होता, त्या भावाने नऊ क्विंटलांहून अधिक. पुतण्या बिलाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, मले त हे काढता येते असं कोनी सांगतलंच नाही. मी समजलो सरकारचाच टॅक्स आहे.”

या ठिकाणी कोणी म्हणेल की काकांना भाव करता येतो, पुतण्याला येत नाही. त्याला शिकवा म्हणजे झाले. घासाघीस ही कला आहे आणि जो ती शिकतो त्याला फळ मिळते, हे तत्त्वज्ञान आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. म्हणून माझी कला किती होती ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी त्या दुकानात दोन वेळा गेलो. पहिल्या वेळी मला पुतण्याइतकीच वागणूक मिळाली: चहा, शीतपेय, आणि ‘ही योजना आज संध्याकाळपर्यंतच आहे’ हा इशारा. दुसऱ्या वेळी आतल्या खोलीतून जो व्यवस्थापक बाहेर आला तो माझा विद्यार्थी निघाला. त्याने वाकून नमस्कार केला, बिल हातात घेतले आणि स्वतःच एकेका ओळीवर रेघ मारीत गेला. “सर, हे तुमच्यासाठी नाही,” असे तो म्हणाला. तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करतो. घरी आल्यावर त्या वाक्याचा अर्थ लागला. जे माझ्यासाठी नव्हते, ते कोणासाठी तरी होतेच.

अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. पिगू यांनी १९२० साली त्याचे केलेले वर्गीकरण मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. एकच वस्तू निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळ्या किमतीला विकायची. ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडून अधिक घ्यायचे. त्याचे समर्थन करताना गावच्या डॉक्टरचे उदाहरण दिले जाते: तो सावकाराकडून जास्त फी घेतो, म्हणून मजुराला स्वस्तात तपासू शकतो. मोटारीच्या दुकानात ही रीत उलटी झाली आहे. येथे अधिक पैसे ऐपतवान देत नाही. ज्याला माहिती नाही, ज्याला घाई आहे, ज्याला दुसऱ्या दुकानात चार खेपा घालण्याची सवड नाही, तो देतो. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या, धनादेश लिहून देणाऱ्या प्राध्यापकाला सूट, आणि शेत विकून आलेल्या माणसाला साहित्य संच. माझे १५ हजार दुकानदाराने आपल्या पदरचे दिले असे मानण्याइतका मी भोळा नाही. माझ्या पुतण्यासारख्या कोणाच्या तरी बिलातून ते आले.

आता या ओळींकडे थोडे बारकाईने पाहू. हाताळणीची रक्कम हा कोणताही सरकारी कर किंवा शुल्क नाही. गाडी दुकानापर्यंत आणणे, उतरवणे, धुऊन ठेवणे हा विक्रीचाच भाग आहे. किराणा दुकानदार साखरेच्या पोत्याची हमाली गिऱ्हाइकाच्या बिलात लावीत नाही. विम्याचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि ते तसे असणे दुकानाच्या सोयीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा आहे. त्याचा दर ठरलेला असतो. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीसाठी २०२२ मध्ये तो १० हजार ६४० रुपये ठरविला गेला. त्यात कोणी कमीजास्त करू शकत नाही. उरलेला जो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, त्याच्यात सारी मोकळीक आहे. तो दुकानाकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. पण ‘विमा आमच्याकडचा नसेल तर पुढे दुरुस्तीच्या वेळी अडचण येते’ हे वाक्य अमरावतीत मी ऐकले आणि अकोल्यात पुतण्याने ऐकले, जवळजवळ त्याच शब्दांत. दहा लाखांवरील मूळ किमतीच्या गाडीवर एक टक्का कर दुकानदार आगाऊ कापून घेतो आणि तो आयकराच्या विवरणपत्रातून परत मिळविता येतो, हेही कित्येकांना माहीत नसते. आमच्या गाड्या त्या मर्यादेखाली होत्या म्हणून तो प्रश्न आला नाही.

बाजारात स्पर्धा आहे, ती गिऱ्हाइकाचे रक्षण करील, असे सांगणाऱ्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाचा २३ ऑगस्ट २०२१ चा आदेश वाचावा. देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला, मारुती सुझुकीला, आयोगाने २०० कोटी रुपयांचा दंड केला. त्या चौकशीला निमित्त झाले एका विक्रेत्याचे निनावी पत्र, आणि त्यातली तक्रार मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागाविषयी होती, ज्यात आपला वऱ्हाडही येतो. आयोगाच्या निष्कर्षानुसार कंपनीने ठरविलेल्या सुटीपेक्षा अधिक सूट देण्यास विक्रेत्यांना मनाई होती. ती मोडली जाते की काय हे पाहण्यासाठी कंपनीने नेमलेल्या संस्था आपली माणसे गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन दुकानात पाठवीत आणि पुरावा गोळा करीत. अधिक सूट देणारा सापडला की दंड. तोही केवळ दुकानाला नव्हे, तर विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यालासुद्धा. कंपनीने अपील केले आणि २०२१ च्या अखेरीस दंडाच्या वसुलीला स्थगिती मिळविली, हे नोंदविणे न्यायाचे होईल. परंतु आयोगाने जे पुढे आणले ते वाचल्यावर, टेबलाच्या पलीकडचा तरुण ‘साहेब, याहून एक रुपया कमी होणार नाही’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो की घाबरलेला असतो, हा प्रश्न पडतो. आणि एक विडंबना अशी की, ही कंपनी १९८१ मध्ये सरकारी उद्योग म्हणून जन्मली; तिच्यातला शेवटचा सरकारी हिस्सा २००७ मध्ये विकला गेला.

त्या तरुणाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तो आपला शत्रू नाही. आमच्याच महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला, तुटपुंज्या पगारावर दिवसभर टाय बांधून उभा असलेला हा मुलगा; महिन्याला किती रुपयांचे साहित्य आणि किती विमे खपविले यावर त्याचा खरा पगार ठरतो. दुकानाचा मालकही, पुण्यामुंबईच्या मोठ्या घराण्यांचा अपवाद वगळता, स्वतंत्र नाही. कंपनी कारखान्यातून गाड्या पुढे ढकलते आणि विक्री झाली असे जाहीर करते; त्या गाड्या प्रत्यक्षात विक्रेत्याच्या आवारात बँकेच्या व्याजावर उभ्या असतात. २०२४ च्या सणांच्या तोंडावर देशभरातील विक्रेत्यांकडे ८० दिवसांहून अधिक काळ पुरेल एवढा साठा पडून असल्याचे त्यांच्याच संघटनेने जाहीर केले होते. मूळ किमतीत त्याला फारसे मिळत नाही, म्हणून तो विम्याच्या अडतीवर, कर्जाच्या अडतीवर आणि पायपुसण्यांवर जगतो. वरून आलेला दाब तो खाली देतो, आणि सर्वांत खाली गिऱ्हाईक असते.

याच काळात सरकारने काय केले तेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरचा अधिभारही गेला. पूर्वी सारा कर धरून दहा लाखांना मिळणारी छोटी पेट्रोल गाडी या हिशेबाने सुमारे ८५ हजारांनी स्वस्त व्हावी. कंपन्यांनी मूळ किमती उतरविल्या, हे खरे. मात्र बिलाच्या खालच्या ओळींवर कोणाचे लक्ष होते? करकपातीचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहणारी यंत्रणा २०१७ मध्ये कायद्याने निर्माण झाली होती. १ एप्रिल २०२५ पासून तिने नव्या तक्रारी घेणे बंद केले. म्हणजे एवढी मोठी करकपात लागू होण्याच्या अवघे सहा महिने आधी पहारेकरी घरी पाठविला गेला. त्याच्या महिनाभर आधी, १९ ऑगस्टला, आयात कापसावरील ११ टक्के शुल्क उठविण्यात आले आणि पुढे ती सवलत वर्षअखेरीपर्यंत वाढविली गेली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने जे विकायचे त्याच्या भावावर दाब, आणि जे विकत घ्यायचे त्याच्या खऱ्या किमतीचा पत्ता नाही. कापूस आणि मोटार यांचा संबंध काय, असे विचारणाऱ्या माझ्या मित्राला हे उत्तर पुरेसे व्हावे.

आमची पिढी नियंत्रणांची कैवारी होती, आणि त्या नियंत्रणांच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, वर ‘ऑन’ द्यावा लागे, असा टोमणा येथे मारला जाईल. तो खरा आहे. मी स्वतः स्कूटरसाठी सहा वर्षे थांबलो होतो. टंचाई ही गिऱ्हाइकाची लूट करते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आता मुबलकताही तेच करू शकते, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा दुसऱ्या बाजूने दाखवावा. दोन्ही काळांत साम्य एवढेच की, खरी किंमत छापील किमतीहून निराळी होती आणि ती ठरविण्याची जागा अंधारात होती.

अंधारातल्या किमतीशी वऱ्हाडाचे भांडण फार जुने आहे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या कापूस-बाजारांत गाडीवान शेतकरी माल घेऊन उभा राही आणि व्यापारी व अडत्या रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. मग वजनात कडता, वर अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय. प्रत्येक कापणीला एक नाव आणि प्रत्येक नावामागे ‘ही बाजाराची रीत आहे’ हे उत्तर. त्या वेळीही कोणी शहाणा शेतकऱ्याला सांगत असेल की बाबा, तू भाव करायला शीक. परंतु उपाय त्या मार्गाने आला नाही. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा होता म्हणून हे झाले नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता. पुढे त्या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला, आणि आजच्या बाजार समित्यांचे गोडवे गाण्याचीही माझी तयारी नाही. तरीही एक तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले: बाजारात कोणती कापणी चालेल आणि कोणती चालणार नाही, हे दुकानदाराने ठरवायचे नाही, ते फलकावर लिहिलेले असले पाहिजे. कारंजाच्या भूमीत जे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कापसाला मिळाले, ते बडनेरा रोडवरच्या काचेच्या दुकानात अजून मिळालेले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाडीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात कायद्याने द्यावयाच्या रकमा वर आणि ऐच्छिक रकमा खाली, वेगळ्या चौकटीत, मराठीत छापल्या जाव्यात. गिऱ्हाइकाने स्वतः खूण केल्याखेरीज खालची एकही ओळ बेरजेत येऊ नये. सूट द्यायची असेल तर हवी तितकी द्यावी, पण ती त्या दिवशीच्या फलकावर असावी, प्राध्यापकाला आणि शेतकऱ्याला एकच. भाव उघड झाले की विक्रेत्यांना आपसांत संगनमत करणे सोपे जाते, असा आक्षेप माझ्याच विषयातले लोक घेतील आणि त्यात तथ्य आहे. त्यासाठी स्पर्धा आयोगाला जिल्ह्यापर्यंत डोळे हवेत. विक्री झालेल्या गाडीचे पूर्ण बिल परिवहन कार्यालयात नोंदणीच्या कागदांबरोबर दाखल करण्याचे बंधन घातले, तर ते डोळे आपोआप मिळतील. नोंदणीसाठी बाकी सारे कागद लागतात. माणसाने प्रत्यक्षात किती पैसे मोजले तेवढेच कोणी विचारीत नाही.

कायदा येईपर्यंत काय करायचे? पुतण्याने दुकानाला रजिस्टर्ड पत्र पाठवून हाताळणीची रक्कम कोणत्या नियमाने घेतली, असे विचारले. आठ दिवसांत साडेआठ हजार रुपये त्याच्या खात्यात परत आले, सोबत उत्तराची एक ओळही नाही. साहित्य संचाचे आणि लेपाचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण ‘मी हे स्वेच्छेने घेत आहे’ अशा इंग्रजी मजकुराखाली त्याची सही आहे. सह्या केलेल्या चौदा कागदांपैकी तो नववा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे आणि राज्य ग्राहक आयोगापुढे अर्ज करण्याची तयारी चालू आहे. तो अर्ज एकट्याचा राहू नये म्हणून आम्ही इतरांची बिले जमवू लागलो. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर आणि अचलपूर या भागांतून आतापर्यंत अकरा आली आहेत. त्यांत एक अंगणवाडी सेविकेच्या मुलाचे आहे, दोन प्राथमिक शिक्षकांची आहेत, एक निवृत्त एस. टी. वाहकाचे आहे. एकाच महिन्यातल्या, एकाच नमुन्याच्या गाड्यांच्या बिलांतही हाताळणीचा आकडा जुळत नाही. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत गाडी घेतली असेल त्यांनी आपले बिल आणि पहिले अंदाजपत्रक, दोन्ही शोधून ठेवावे आणि पुतण्याकडे आणून द्यावे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो वहिनीला घेऊन अकोल्याला जातो. बाकीचे दिवस गावातच असतो.